पितळी कर्णा दिवाणखान्यात ठेवा, रेकॉर्डवर नको

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी त्याला पाचवी ते सातवी मराठी शिकवली. आता तो गोंदियात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. पगार महिन्याला बारा हजार.

"सर, एक ग्रामोफोन पाहिला. पितळेचा मोठा कर्णा आहे, वरती कुत्र्याचं चित्र आहे. अठरा हजार म्हणतो, सोळापर्यंत येईल. दादांच्या रेकॉर्ड पडून आहेत ना, त्या वाजवायच्या आहेत. दादी लई दिवसांपासून म्हणते. घेऊ का?"

मी विचारलं, "रेकॉर्ड कोणत्या आहेत?"

"काळ्या."

"बेटा, काळ्या तर साऱ्याच असतात. जड आहेत की हलक्या? पडल्या तर फुटतील की वाकतील? लेबलवर आकडा काय आहे?"

त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानंही त्याला ते विचारलं नव्हतं. सोळा हजारांचं यंत्र घ्यायला निघालेल्या पोराला, ते यंत्र ज्या वस्तूसाठी घ्यायचं त्या वस्तूबद्दल एक प्रश्न कुणी विचारत नाही. या लेखात माझं भांडण याच गोष्टीशी आहे. ते एका दुकानदाराशी नाही, त्याचं नाव मला माहीतही नाही.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे हा माणूस उंचावर बसून शिकवतोय असं कुणाला वाटणार नाही. माझे अब्बा रेल्वेत होते. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई लाइनवर आहे, त्यामुळे कलकत्त्याहून वस्तू मागवणं आमच्या मोहल्ल्यात अवघड नव्हतं. त्यांच्या एका गार्ड मित्रानं तिकडून एचएमव्हीचा फिएस्टा आणून दिला होता. २००८ साली अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हा फिएस्टा कधीचाच बंद पडलेला होता आणि कुणीतरी तो भंगारात देऊनही टाकला होता. रेकॉर्ड मात्र लोखंडी पेटीत जशाच्या तशा होत्या. एका मोठ्या शहरातल्या जुन्या बाजारात मी गेलो. पितळी कर्णा पाहिला आणि पाघळलो. नऊ हजार दिले, तेही उसने. घरी आणून चावी भरली आणि पेटीतली सगळ्यात चांगली, चकचकीत एलपी त्यावर लावली. कव्वालीची होती. आवाज आला, पण तव्यावर वाळू भाजावी तसा. रेकॉर्ड फिरत राहिली आणि माझ्या डोळ्यांसमोर सुईच्या मागे एक राखाडी पट्टा उमटत गेला. मला वाटलं, धूळ निघते आहे. धूळ नव्हती, ती रेकॉर्डच निघत होती. अब्बांनी वीस-पंचवीस वर्षं जपलेली वस्तू मी एका बैठकीत खरवडून टाकली. पुढे चांगल्या यंत्रावर लावून पाहिली, तेव्हा गाण्याच्या जागी खरखर तेवढी उरली होती.

असं का झालं, हे समजायला मला नंतर दोन वर्षं लागली. ते कुणी पाच मिनिटांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथे सांगतो.

आपल्या घरांत सापडणाऱ्या रेकॉर्ड दोन वंशांच्या आहेत. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे तीच, जी आपल्या जिल्ह्यातल्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर किडे तयार करतात आणि लोक खरवडून बाजारात आणतात. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, तेव्हा परदेशात लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवल्या गेल्या. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळत. मुद्दाम मिसळत, कारण ग्रामोफोनची पोलादी सुई त्या पुडीवर घासून खोबणीच्या आकाराची व्हावी असा हिशेब होता. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. झिजायचं काम सुईचं, तबकडीचं नाही. वरचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड असायचा आणि त्याचं वजन त्या टणक तबकडीला सोसायचं.

एलपी आणि ४५ च्या छोट्या रेकॉर्ड आल्या त्या व्हिनाइलच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या. तिची खोबण फारच बारीक. ७८ च्या सुईच्या टोकाची गोलाई साधारण तीन हजारांश इंच धरतात, एलपीच्या सुईची त्याच्या चौथाई. चांगल्या यंत्रात एलपीवर सुईचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. आता शंभर ग्रॅम भाराची पोलादी सुई तिच्यावर फिरवून पाहा. मी पाहिली आहे.

आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या आणि एलपी त्याआधीच आल्या होत्या. त्यामुळे एकाच घरात, एकाच पेटीत दोन्ही सापडतात. ओळखणं सोपं आहे. जड, टणक, नखानं टिचकी मारली की चिनीमातीसारखी वाजणारी, कडेला टवके गेलेली ती लाखेची. हलकी, किंचित वाकणारी ती व्हिनाइलची. लेबलवर ७८, ४५ किंवा ३३⅓ असा आकडा बहुतेक असतो. एवढी छाननी न करता यंत्र विकत घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

आता त्या पितळी कर्ण्याकडे येऊ. आज बाजारात दिसणाऱ्या चकचकीत कर्णेवाल्या ग्रामोफोनांतले पुष्कळसे जुने नसतातच. कर्णा नवा, लाकडी पेटी नवी आणि आत कुठल्या तरी मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर. खऱ्या जुन्या यंत्रांचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे असत. तिसऱ्या दशकानंतर बाहेरचा कर्णा मागेच पडला. लहान गावांतल्या घरांत जो 'फोनो' होता तो पेटीसारखा, झाकणाचा, हातात उचलून नेण्याचा होता. एचएमव्हीचं १०२ हे मॉडेल १९३१ साली आलं आणि त्या जातीची यंत्रं कितीतरी वर्षं चालली. म्हणजे आजोबांच्या आठवणीसाठी नातू जे विकत घेतो, ते आजोबांच्या घरात कधी नव्हतंच. ते सिनेमातल्या नवाबाच्या हवेलीत होतं.

आणि इथे माझा राग फक्त दुकानदारावर राहत नाही. उर्दूच्या नावानं होणारे कार्यक्रम आठवा. शाम-ए-गझल, जश्न-ए-उर्दू, काय काय. मंचाच्या एका कोपऱ्यात शमादान, दुसऱ्या कोपऱ्यात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. तो कधी वाजत नाही. त्याच्यावर ठेवलेली तबकडी कोणाची आहे हे संयोजकाला विचारा, सांगता येणार नाही. तहजीब म्हणजे काय, तर पितळेला ब्रासो लावणं. ज्यांचा आवाज त्या तबकडीत आहे तो ऐकायची गरज कुणाला वाटत नाही, कारण ऐकलं तर त्यात नवाबाची हवेली सापडत नाही.

अब्बांच्या पेटीत काय सापडलं ते सांगतो. इस्माईल आझाद कव्वाल, ज्यांची १९५८ च्या 'अल हिलाल' मधली कव्वाली घराघरांत पोचली. अझीझ नाझाँ. 'शोले'च्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड, जी आम्ही भावंडांनी इतकी वाजवली होती की गब्बर एका जागी अडकायचा. प्रल्हाद शिंदे यांची छोटी रेकॉर्ड. भीमसेन जोशींचे अभंग. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची लाखेची तबकडी. ती अब्बांची नव्हे, त्यांच्या वालिदांची असणार.

अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये वारले तेव्हा दफनही तिथेच झाले. त्यांनी मराठी नाट्यपदंही तबकडीवर गायली आहेत. उर्दू शाळेत मराठी शिकवताना मला पालक विचारतात, "सर, पोराला मराठी कशाला पाहिजे, आपली जबान तर उर्दू." आणि बाहेर गेलो की दुसरे विचारतात, "अरे वा, तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता." दोघांनाही मी ती तबकडी ऐकवू इच्छितो. माझं भाषण नको, तीन-साडेतीन मिनिटांची ती एक बाजू पुरे. पण ऐकवायची तर ती वाजली पाहिजे आणि वाजली तरी शाबूत राहिली पाहिजे. म्हणून सुईचा भार किती ग्रॅम, ही माझ्यासाठी शौकाची बाब उरली नाही.

(घरातले एक मामू म्हणतील, मौसिकीच हराम, तर यंत्राची चर्चा कशाला. मामूंशी माझी ही बहस तीस वर्षांची आहे, ती आणखी तीस वर्षं चालेल. मात्र 'शोले'चे संवाद लागले की मामू खोलीतून उठत नाहीत, हे नोंदवून ठेवतो.)

दुसरं भांडण उलट्या टोकाच्या लोकांशी आहे. पोरानं माझं ऐकून पितळी कर्णा सोडला आणि इंटरनेटवर शोधायला बसला. तिथे त्याला शौकीन भेटले. तीस हजारांच्या खाली यंत्र घ्यायचंच नाही. टेक्निक्सच घ्या. अमुक प्रीअँप, तमुक स्पीकर, नाहीतर मोबाइलवर ऐका. बारा हजार पगाराचा पोरगा हे वाचतो आणि समजतो की हा खेळ आपला नाही. मग तो एक तर गप्प बसतो, नाहीतर सूटकेससारखा दिसणारा गुलाबी-आकाशी नवा प्लेअर पाच-सहा हजारांत मागवतो. गरिबाच्या वाट्याला नेहमी हेच दोन येतात. एक उपदेश, नाहीतर एक खेळणं.

सूटकेसबद्दल सरळ सांगतो. त्यात साधं सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास आणि तो कमी-जास्त करायची सोय नसते. तबकडी ठेवायची थाळी इतकी लहान की एलपी चारी बाजूंनी बाहेर लोंबते. स्पीकर त्याच डब्यात, म्हणून डबा थरथरतो आणि सुईही थरथरते. डब्यावर ७८ चं बटण असतं, पण सुई एलपीचीच. ती बारीक सुई ७८ च्या रुंद खोबणीत तळाशी लोळते, खरखर ऐकवते आणि स्वतः लवकर मरते. आणि बिघडलं तर आपल्या गावातला मेकॅनिक ते उघडून पाहतो आणि पुन्हा बंद करून देतो, कारण आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फिएस्टाही सिरॅमिक जातीचाच होता, त्यातही स्पीकर डब्यातच होता. मग फिएस्टाचं कौतुक आणि सूटकेसचा राग कशाला? फिएस्टाचं कौतुक मी सरसकट करत नाही. घरात ७८ आणि जुन्या मोनो छोट्या रेकॉर्ड असतील तर चालू स्थितीतला फिएस्टा किंवा त्या काळचा फिलिप्स चांगलं काम देतो. त्या जातीच्या अनेक यंत्रांत पलटी मारायची सुई असते, एका अंगाला ७८ ची, दुसऱ्या अंगाला एलपीची. बारकं चाक फिरवलं की झालं. पण त्यावर चांगली स्टिरिओ एलपी रोज लावू नका. स्टिरिओच्या खोबणीत सुई आडवी हलते तशी वर-खालीही हलते, आणि जुन्या मोनो कार्ट्रिजला वर-खाली हलायची सवय नसते. ते खोबण दाबत जातं. फरक इतकाच, की या जुन्या यंत्राचं सगळं उघडता येतं, पुसता येतं, बदलता येतं, आणि ते निम्म्या किमतीत येतं.

एलपीच जास्त असतील तर तुम्हाला मॅग्नेटिक कार्ट्रिजचा डेक पाहिजे. ओळख सोपी: सुईच्या दांड्याच्या मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन असतं. त्यानं भार ठरवता येतो. ऐंशीच्या दशकातले आपल्याकडचे सोनोडाइन, कॉस्मिक पाहा, फिलिप्सचे पाहा. मॅग्नेटिकचा आवाज फार क्षीण निघतो, काही मिलिव्होल्ट. तो थेट ब्लूटूथ स्पीकरला जोडाल तर मुंगी गाते आहे असं वाटेल. मागे 'फोनो' लिहिलेला जुना अँप्लिफायर असला तर उत्तम, नसला तर छोटा फोनो प्रीअँप दीड-दोन हजारांत येतो. हा खर्च आधीच हिशेबात धरा. डेक विकणारा तो सांगत नाही.

जपानी डेक स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. तो तिकडच्या १०० व्होल्टवर चालणारा असतो, आपल्या भिंतीत २३० आहे. ट्रान्सफॉर्मर न लावता जोडला की जळला. आणि अमेरिकेचा असेल तर आणखी गंमत. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुन्या साध्या मोटरचा वेग या हर्ट्झवरच ठरतो, व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून तो बदलत नाही. असा डेक आपल्याकडे सहा फेऱ्यांच्या जागी पाच मारतो. लता मंगेशकरांचा आवाज तीन सुरांनी खाली येतो आणि विकणारा म्हणतो, जुनी रेकॉर्ड आहे, अशीच वाजते.

मग मिळेल कुठे? शहरातल्या 'व्हिंटेज' लिहिलेल्या दुकानात नको. तिथे तुम्ही 'व्हिंटेज' या शब्दाचे पैसे देता. आपल्याकडे लग्नात, उरुसात, गणपतीत, झाडीपट्टीच्या नाटकांत लाउडस्पीकर कोण लावायचं? बिछायत केंद्रवाले आणि साउंड सर्व्हिसवाले. कॅसेट येण्याआधी त्यांचं सगळं काम रेकॉर्डवर चालत असे. ती यंत्रं कुणी फेकलेली नाहीत. कनातींच्या खाली, तुटक्या भोंग्यांच्या ढिगात पडलेली आहेत. माझा आजचा डेक मला आमगावच्या बाजूला अशाच एका गोदामात मिळाला. मालकानं विचारलं, "गुरुजी, हे काहून पाहिजे बाप्पा तुम्हाले? याचं तर काहीच येत नाही." मी दोन हजार दिले. त्यांना वाटलं मी फसलो, मला वाटलं ते फसले. दोघंही खूश. दुसरी जागा म्हणजे जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. त्यांच्या माळ्यावर दुरुस्तीला देऊन कुणी परत न्यायला न आलेली यंत्रं असतात, आणि मुख्य म्हणजे ते उघडून दाखवतात.

जाताना आपली एक रेकॉर्ड सोबत न्या. जिवापाड जपलेली नको, चरे पडलेली न्या. विकणाऱ्याच्या रेकॉर्डवर तपासू नका. वीज जोडण्याआधी सुईचा दांडा दोन बोटांत अलगद धरून हलवा. वर-खाली, आजूबाजूला लोण्यासारखा जायला हवा. मुळाशी खुडबुड जाणवली की यंत्र सोडा, ते दुरुस्त करणं आपल्या आवाक्यातलं नाही. थाळी हातानं फिरवा, घरघर येते का ऐका. मग चालू करा. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाइलवर वेळ लावून मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. गणिताच्या शिक्षकाला द्यायचं तर फार सुंदर उदाहरण आहे हे. शंभराच्या खूप खाली आल्या तर घाबरू नका. बेल्ट सैल पडला असेल किंवा आतलं रबरी चाक कडक झालं असेल. बेल्ट नवा मिळतो, तो वितळून डांबरासारखा चिकटला असला तरी स्पिरिटनं पुसता येतो. मोटर गरम होऊन जळका वास येत असेल तर मात्र उठा आणि चहा पिऊन घरी या. स्पीकरमधून सतत 'हूं' आवाज येत असेल तर अर्थिंगची वायर जोडली आहे का पाहा. शंभरातल्या पन्नास डेकना नुसती तीच तुटलेली असते, आणि त्यासाठी किमतीत पाचशे कमी करून घेता येतात. हे मी केलेलं आहे. थोडी लाज वाटली, पण केलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सगळ्यात शेवटी आठवतं: सुई. सेकंडहँड यंत्रासोबत आलेली सुई मेलेली आहे असंच धरून चला. विकणारा कसम खाऊन सांगेल, "नवी आहे." ती कधी नवी, हे तो सांगत नाही. नीलमणी टोकाची सुई काही डझन तासांत झिजते, हिऱ्याची काहीशे तास टिकते, आणि झिजलेली सुई टोकदार होऊन छिन्नीसारखं काम करते. म्हणून डेक ठरवताना आधी हे पाहा की त्याच्या कार्ट्रिजची सुई आज बाजारात मिळते का. ऑडिओ-टेक्निकाच्या ३६०० जातीचं कार्ट्रिज बसत असेल तर काळजी मिटली, त्याची सुई सहज येते. चार हजारांचं बजेट असेल तर अडीच यंत्राला, दीड सुईला. पूर्ण चार यंत्राला घालून जुनीच सुई वापरणारा माणूस चार हजारांत आपल्याच रेकॉर्ड खरवडायची मशीन विकत घेतो. पितळी कर्णेवाला ती सोळा हजारांत घेतो, इतकाच फरक.

"मोबाइलवर सारं आहे, कशाला एवढी उठाठेव?" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे की सारं नाही. अब्दुल करीम खाँ आहेत, गौहर जान आहेत, १९०२ पासूनचं पुष्कळ काही लोकांनी कष्टानं चढवून ठेवलं आहे, त्यांचे उपकार. पण गावोगावच्या कव्वालांच्या, शाहिरांच्या, नात पढणाऱ्यांच्या ज्या छोट्या रेकॉर्ड निघाल्या त्या कुणी चढवल्या? त्यातल्या कितीतरी एखाद्या घराच्या माळ्यावरच उरल्या असतील. ज्या घरात त्या आहेत त्या घरात बारा हजार पगार आहे. तिथे पितळी कर्णा किंवा सूटकेस पोचली तर ती गोष्ट तिथेच संपली, आणि संपली हे कुणाला कळणारही नाही.

पोराच्या दादांच्या रेकॉर्ड मग मी जाऊन पाहिल्या. सत्तावीस होत्या. दादा बिडीचे ठेकेदार होते, शौकीन माणूस. एकोणीस लाखेच्या, आठ व्हिनाइलच्या. दोन लाखेच्या उभ्या चिरलेल्या. बाकी पलंगाखाली आडव्या, एकीवर एक. गोंदियाच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला जातो, त्यात व्हिनाइलच्या दोन पापडासारख्या वाकल्या होत्या. सगळ्या उभ्या करून ठेवल्या, भिंतीपासून दूर. दादी बाजूला बसून सांगत होत्या, कोणती कधी आणली, कोणत्या रेकॉर्डवरून भांडण झालं होतं.

एकोणीस लाखेच्या, म्हणजे पलटी सुईचं यंत्र. गोरेगावच्या एका मेकॅनिककडे फिलिप्सचा एक मिळाला, अठराशेला. सुई वेगळी मागवली. रविवारी ती आली. आज दुपारी पोराचा फोन.

"सर, मोजल्या. तीन मिनिटांत चौऱ्याण्णव."

"रबरी चाक स्पिरिटनं पूस. बारीक पॉलिश पेपर एकदा हलक्या हातानं फिरव त्याच्या कडेवर. मग पुन्हा मोज."

"स्पिरिट आणलंय. त्यानंच रेकॉर्डही पुसून घेऊ का, बुरशी आहे वरती?"

"अजिबात नाही! सुतार लाख कशात विरघळवतो, पॉलिशला?"

थोडा वेळ शांतता.

"स्पिरिटमध्ये."

"मग दादांची रेकॉर्ड कशाची आहे?"

"ठेवतो सर बाटली बाजूला. दादी ओला फडका घेऊनच बसल्या आहेत."

"तो नीट पिळून घ्यायला सांग, आणि लेबलवर पाणी जाऊ देऊ नका."